दार ते कुंडी

घरपट्टीचं बिल आपण नेहमी खालून वर वाचतो. आधी एकूण रक्कम, मग भरायची शेवटची तारीख, आणि सवलत मिळणार असेल तर तेवढी ओळ. मधल्या रकान्यांकडे कोणी ढुंकून बघत नाही. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे मधले रकाने वाचायची खोड लागलेली. पुण्याच्या बिलात सर्वसाधारण कर, वृक्ष कर, शिक्षण कर यांच्या रांगेत 'सफाईपट्टी' नावाचा एक रकाना असतो. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत याच रकान्यावरून एकदा चांगलीच जुंपली होती. एका गृहस्थांचं म्हणणं असं, की सफाईपट्टी आपण भरतोच, मग दारातून कचरा नेणाऱ्या बाईला दरमहा वेगळे पैसे कशाला द्यायचे? एकाच कामाचे दोनदा पैसे?

प्रश्न रास्त आहे. फक्त त्याचं उत्तर द्यायला दीडशे वर्षं मागं जावं लागतं, आणि तेवढा वेळ सभेत कोणाला नसतो. इथे आपल्याला घाई नाही.

माझं बालपण खेड्यात गेलं. तिथे कचरा नावाची वस्तूच नव्हती म्हटलं तरी चालेल. चुलीतली राख भांड्यांना लागायची. उष्टं-खरकटं गुरांच्या पुढे जायचं. शेण, पालापाचोळा, केरवारा सगळं परसातल्या उकिरड्यावर पडायचं, आणि उन्हाळ्यात तोच उकिरडा गाड्या भरभरून शेतावर जायचा. उकिरड्यावरून भावाभावांत वाटण्या झालेल्या मी पाहिल्या आहेत. ज्याच्यासाठी माणसं भांडतात तो कचरा कसा असेल? कचऱ्याचा प्रश्न सुरू होतो तो परसू संपून गल्ली सुरू होते तिथे. आणि गल्ली कोणाची, हा वाद फार जुना. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात रस्त्यावर केर टाकणाऱ्याला एक अष्टमांश पण दंड सांगितला आहे. दंडाचा हिशोब आहे, पण दारादारातून केर उचलायला राजाचा माणूस येईल असं मात्र तिथे कुठे म्हटलेलं नाही.

आपल्याकडे या गोष्टीला कायद्याचं रूप आलं ते मुंबईत. १८६५ साली मुंबईला पहिला म्युनिसिपल कमिशनर मिळाला, आर्थर क्रॉफर्ड. मंडईमुळे हे नाव सर्वांना माहीत आहे. त्याआधीची मुंबई काय होती? भायखळा-ताडदेवच्या बाजूच्या खोलगट पाणथळ जागा शहराच्या केरकचऱ्यानंच भरून काढल्या जात होत्या. क्रॉफर्डनं शहर साफ करायचा चंग बांधला, आणि पैसे पाण्यासारखे खर्च केले. घरमालकांवर पट्ट्या वाढल्या तशी ओरड सुरू झाली. १८७१ मध्ये करदात्यांनी एवढं रान उठवलं की क्रॉफर्डला जावं लागलं. तरुण फिरोजशहा मेहतांनी तेव्हा भर सभेत वेगळा सूर लावला. दोष त्या माणसापेक्षा पद्धतीत आहे, करदात्यांनी निवडलेली माणसं कारभारात हवीत, असा त्यांचा मुद्दा. १८७२ च्या कायद्यानं करदात्यांना प्रतिनिधी निवडायचा हक्क मिळाला. म्हणजे बघा, आपल्याकडच्या नगरपालिकेच्या मतपेटीचा जन्म ज्या भांडणातून झाला, त्यात गटारं आणि केराचा खर्च हा मोठा भाग होता. शाळेच्या पुस्तकात आम्ही हे 'स्थानिक स्वराज्याची वाटचाल' असल्या मथळ्याखाली शिकवायचो, आणि मुलं जांभया द्यायची. गटारापासून सुरुवात केली असती तर कदाचित जागी राहिली असती!

मग आला १८८८ चा मुंबई महापालिकेचा कायदा. पुष्कळ दुरुस्त्या होऊन तो आजही चालू आहे. त्यात घरमालमत्तेवरच्या करांमध्ये पाणीपट्टी होती, सर्वसाधारण कर होता, आणि 'हलालखोर' नावाचाही एक कर होता. हलालखोर म्हणजे कष्टाची, हलाल कमाई खाणारा. मैला उचलणाऱ्यांना हे नाव अकबर बादशहानं दिलं असं आईन-ए-अकबरीत म्हटलं आहे. नाव एवढं चांगलं, आणि वाट्याला आलेलं जिणं कसं, ते सांगायला नको. हा कर होता संडासातला मैला काढण्यासाठी. मुंबईच्या जुन्या चाळींच्या मागे ज्या अरुंद हाऊस गल्ल्या दिसतात, त्या याच कामासाठी. माणूस मागच्या बाजूनं यायचा, टोपली भरायचा, मागच्या बाजूनंच जायचा. पुढच्या दारानं राहणाऱ्यांना त्याचं तोंड दिसायचं नाही. पुढे भुयारी गटारं झाली, आणि हलालखोर कराच्या जागी मलनिःसारण कर आला.

आता आपल्या सभेतल्या प्रश्नाची गाठ इथे आहे. मैल्यासाठी माणूस घरापर्यंत येत होता, त्याचा वेगळा कर होता. पण कोरड्या-ओल्या केराचं काय? त्याच कायद्यात ३६५ व्या कलमापासून पुढे वाचा. रस्ते रोज झाडणं आणि तो केर उचलणं हे पालिकेचं काम. जागोजागी कुंड्या ठेवणं हेही पालिकेचं काम. पण घरातला केर, राख, धूळ गोळा करून त्या कुंडीत नेऊन टाकणं? ते घराच्या मालकाचं आणि तिथे राहणाऱ्याचं कर्तव्य, असं कायदा म्हणतो. म्हणजे दारापासून कुंडीपर्यंतचं अंतर तुमचं, आणि कुंडीपासून पुढचं पालिकेचं. सफाईपट्टीचे पैसे घ्यायचे ते कुंडीपासून पुढच्या प्रवासाचे. आणखी एक गंमत तिथेच आहे. पालिकेच्या माणसांनी एकदा उचलला, की तो कचरा पालिकेच्या मालकीचा. उकिरड्याचा मालक बदलला, एवढंच! हे कलम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दार ते कुंडी हे पन्नास-शंभर पावलांचं अंतर प्रत्यक्षात कोणी कापलं? मालकानं क्वचितच. घरच्या बायकांनी, मोलकरणीनं, किंवा जिन्याचा झाडूवाला असेल तर महिन्याला चार-आठ आणे देऊन त्यानं. हे पैसे कुठल्याच सरकारी वहीत नाहीत. पण ते नेहमी दिले जात होते.

या माणसांवाचून शहराचं किती अडतं, हे १८९६ च्या प्लेगात एकदम उघडं पडलं. कमिशनर स्नो यांनी सुरुवातीला रोग्यांना सक्तीनं हलवण्याचे कडक हुकूम काढले. शहरात घबराट उडाली. तेव्हा प्रशासनाला सर्वांत मोठी भीती वाटली ती ही, की हलालखोर आणि झाडूवाले शहर सोडून गेले तर काय? गिरण्या बंद पडल्या तर नुकसान होईल, पण हे लोक गेले तर शहरात राहताच येणार नाही. हुकूम सौम्य करण्यामागे हे एक मोठं कारण होतं. एरवी ज्यांची सावली चालत नव्हती, त्यांच्या जाण्याच्या नुसत्या शक्यतेनं सरकार नमलं.

मुंबईबाहेर गोष्ट थोडी वेगळी. १८५० च्या कायद्यानं गावांना आपखुशीनं नगरपालिका स्थापन करता येऊ लागली. १९०१ च्या जिल्हा नगरपालिका कायद्यात आरोग्यपट्टीचे दोन प्रकार होते. एक सामान्य, सर्व गावाच्या सफाईसाठी. दुसरी खास, ज्यांच्या खासगी संडासाची सफाई पालिकेचा माणूस करतो त्यांच्यासाठी. म्हणजे सगळ्यांच्या सोयीचा कर निराळा आणि तुमच्या दारच्या कामाचा मोबदला निराळा, हा भेद त्या लोकांना पक्का ठाऊक होता. आम्ही तालुक्याच्या गावी राहायला आलो तेव्हा वडील 'संडासपट्टी' म्हणायचे. तिची पावती दिवाबत्तीच्या पावतीबरोबर तारेला अडकवलेली असायची.

पण खरं सांगायचं तर पट्ट्यांवर आपल्या नगरपालिका कधी जगल्याच नाहीत. त्या जगल्या जकातीवर. गावाच्या वेशीवर नाका, आणि आत येणाऱ्या प्रत्येक गूळ-तेल-कापडाच्या गाडीवर कर. झाडूवाल्याचा पगार निघायचा तो त्यातून. घरपट्टी वाढवली की नगरसेवक पडतो, जकात मात्र कोणाच्या डोळ्यांवर येत नाही, हे शहाणपण सगळ्या पक्षांना होतं. महाराष्ट्रात नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये गेली. पुढे महापालिकांचीही एकेक करून गेली, आणि २०१७ मध्ये वस्तू-सेवा कर आल्यावर मुंबईचीही संपली. त्या जागी सरकारकडून अनुदान येतं. सफाईचं शुल्क दारोदार मागायची वेळ अलीकडेच का आली, याचं एक उत्तर या बंद पडलेल्या नाक्यांवर आहे.

उत्पन्नाची आणखी एक बाजू होती, ती आज आपण विसरून गेलो आहोत. पुण्यासारख्या नगरपालिका मैला आणि राख-केर मिसळून खत करत, आणि ते कालव्याखालचे ऊसवाले विकत नेत. सोनखत हा शब्द उगीच नाही आला. नंतर आल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरला १९२४ ते १९३१ या काळात कंपोस्टची रीत शास्त्रशुद्ध बसवली, ती 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गेली. केरात प्लास्टिक येईपर्यंत हे जमत होतं.

इंदूरचं नाव निघालं म्हणून एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९१७ साली होळकरांच्या दरबारानं पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला बोलावलं होतं. गावात प्लेगची भीती. गेडिसनं महाराजांकडे अट घातली, मला एक दिवस महाराज करा! आणि दिवाळीच्या सुमाराला त्यानं एक मिरवणूक काढली. जिथले लोक आपली घरं-गल्ल्या सर्वांत स्वच्छ करतील, तिकडून मिरवणूक जाणार, अशी दवंडी. लोकांनी चढाओढीनं केर काढला. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराचं भलंमोठं सोंग होतं, मच्छरांची सोंगं होती. आणि त्यांच्या पाठोपाठ गावचे सफाई कामगार, पांढरेशुभ्र कपडे घालून, गळ्यात झेंडूच्या माळा घालून चालले होते. मागच्या गल्लीनं येणारा माणूस त्या दिवशी राजरस्त्यानं गेला. आज इंदूर स्वच्छतेत पहिलं येतं, तेव्हा हा प्रसंग कोणी आठवत नाही.

तो एक दिवसाचा मान झाला. रोजच्या कामाला हात घातला तो आपल्या कोकणातल्या अप्पासाहेब पटवर्धनांनी. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी उपोषण केलं. मागणी काय, तर मला भंगीकाम करू द्या! जातीनं ब्राह्मण म्हणून तुरुंगाधिकारी ते काम देत नव्हते. येरवड्यात गांधीजींनीही त्यांच्या पाठोपाठ उपवास धरला. नंतर कणकवलीला गोपुरी आश्रमात अप्पांनी मैल्याचं खत करणारे संडास, चर्मालय हे सगळं स्वतःच्या हातांनी केलं. गाडगेबाबांचा झाडू सगळ्यांना माहीत आहे, अप्पांचं फावडं तेवढं माहीत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनं १९४९ मध्ये बर्वे समिती नेमली, सफाई कामगारांच्या जिण्याची चौकशी करायला. डोक्यावरून मैला वाहणं थांबवा, असं तिनं १९५२ मध्ये सांगितलं. थांबायला किती वर्षं लागली हा निराळा विषय आहे.

एक मात्र झालं. पालिकेतला झाडूवाला कायम नोकर झाला. पगार, रजा, निवृत्तिवेतन, राहायला चाळ. १९७० च्या दशकातल्या लाड-पागे समितीच्या शिफारशींनी त्याच्या वारसाला नोकरीत अग्रक्रम मिळाला. माझ्या वर्गात अशी मुलं होती. हुशार असूनही दहावीनंतर बापाची जागा धरलेली. ही सोय होती, आणि पायातली बेडीही होती. पुढच्या पिढीला ही सोयसुद्धा राहिली नाही. पालिकांनी भरती थांबवून ठेकेदार आणले. काम तेच, रस्ता तोच, पण पगार निम्म्याहून कमी आणि कागदावर नाव नाही. मुंबईतल्या अशा सुमारे २७०० कंत्राटी कामगारांना संघटनेच्या जोरावर कोर्टकचेऱ्या कराव्या लागल्या, तेव्हा कुठे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्यांचं कायमपण टिकलं.

याच काळात दार आणि कुंडी यांतल्या अंतराकडे पालिकांचं लक्ष गेलं. कुंड्या ओसंडत होत्या. नाशिकमध्ये १९९० च्या दशकात घंटागाडी निघाली. घंटा वाजली की बादली घेऊन पळायचं. शब्द इतका गोड की महाराष्ट्रभर पसरला. आता घंटा जाऊन भोंग्यावर हिंदी गाणं लागतं, पण आमच्या तोंडी अजून घंटागाडीच. मग सर्वोच्च न्यायालयातल्या एका जनहित याचिकेतून २००० साली केंद्राचे घनकचऱ्याचे नियम आले. त्यांनी घरोघरी जाऊन कचरा गोळा करण्याची व्यवस्था लावणं हे पालिकेचं काम ठरवलं. एका फटक्यात पालिकेची हद्द कुंडीवरून आपल्या उंबऱ्याशी आली! काम वाढलं, पण त्यासाठी तिजोरीत नवा पैसा आला नाही.

पुण्यात ही जागा भरून काढली ती कचरा वेचणाऱ्या बायकांनी. त्या आधीपासून होत्याच. कुंडीत उतरून कागद, काच, पत्रा वेचायच्या, भंगारवाल्याला विकायच्या. बहुतेक दलित समाजातल्या, दुष्काळात गाव सोडून आलेल्या. पोलिसांना चोर वाटायच्या, कुत्र्यांना परक्या. १९९३ मध्ये बाबा आढावांच्या पुढाकारानं त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. पूर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण यांनी त्या वस्त्यांमध्ये आधीपासून काम केलेलं होतं. पंचायतीनं पहिली मागणी केली ती ओळखपत्राची. पैशाच्याही आधी! आणि त्यांचं म्हणणं साधं होतं. आम्ही कुंडीत उतरण्याऐवजी दारातच कचरा घेतो. ओला-सुका वेगळा द्या, आमचे हात चिरणार नाहीत, भंगारही स्वच्छ मिळेल. त्यातून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली, आणि २००८ मध्ये पुणे महापालिकेनं तिच्याशी करार केला. आज तीन हजारांहून जास्त सभासद. महापालिका त्यांना पगार देत नाही. हातमोजे, ढकलगाड्या, वस्त्यांमधल्या घरांमागे काही रक्कम एवढाच तिचा भार. बाकी कमाई दोन वाटांनी येते, घरोघरचं मासिक शुल्क आणि भंगाराची विक्री.

आता त्या ३६६ व्या कलमाची आठवण करा. पालिकेच्या माणसानं उचललेला कचरा पालिकेचा, आणि पालिकेनं ठेका दिला की व्यवहारात ठेकेदाराचा. गाडीत पडलेल्या पुठ्ठ्यावर बाईचा हक्क राहत नाही. म्हणून पुण्यातला वाद दिसायला महिन्याच्या साठ-सत्तर-ऐंशी रुपयांचा असला तरी मुळात मालकीचा आहे. २०२० च्या अखेरीस कराराची मुदत संपली, तेव्हा हे काम मोठ्या ठेकेदाराला द्यावं अशी कुजबूज जोरात होती. करार मुदतवाढींवर लोंबकळत राहिला. बायका घरोघरी सह्या घेत फिरल्या. आमच्या जिन्यातही एक ताई आल्या होत्या. मी सही करताना विचारलं, "ताई, ठेकेदाराकडं पगार तरी बांधला मिळेल ना?" म्हणाल्या, "सर, पगार त्याच्या हातात, आन् उद्या नको म्हनला तर मी पुन्हा कुंडीत. हितं माझी दोनशे घरं हायेत." 'माझी घरं' हा शब्द मी कधी कुठल्या नगरसेवकाच्या तोंडून इतक्या सहज ऐकला नव्हता.

तेव्हा दोनदा पैसे का, याचं उत्तर असं की ती दोन कामं आहेत. १९०१ च्या कायद्याला हे कळत होतं. एक मात्र मला खटकतं. सफाईपट्टी मालमत्तेच्या हिशोबानं बसते, म्हणजे बंगल्याला जास्त, खोलीला कमी. शुल्क मात्र घरटी जवळजवळ सारखं. वस्तीत दहा-वीस रुपये कमी, इतकाच फरक. बंगल्यातून चार पिशव्या निघतात, खोलीतून अर्धी. यात न्याय फारसा नाही. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी तर कचरा करणाऱ्यानं शुल्क भरावं हे सगळ्या देशालाच लावलं. ते किती आणि कसं, हे पालिकांच्या उपविधींवर सोडलं.

आणि ज्यांनी काहीच पैसे घेतले नाहीत, उलट किंमत मोजली, ते राहिलेच. पुण्याचा कचरा आधी कोथरूडच्या डेपोत जायचा, जिथे आता मेट्रोचा डेपो आहे. शहर तिथवर पोचलं तेव्हा कचरा लांब गेला, उरुळी देवाची आणि फुरसुंगीला. १९८० च्या दशकापासून तिथे ढीग चढले, विहिरींचं पाणी बिघडलं. गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या की पुण्यात चार दिवसांत दुर्गंधी सुटायची, आणि मग आमच्यासारख्यांना त्या गावांची नावं पेपरात दिसायची. त्या गावांचं पाणी हा आपल्या सफाईचा खर्चच आहे. फक्त तो आपल्या बिलात छापलेला नाही.

मुंबईत हा विषय २०२५ मध्ये पुन्हा वर आला. महापालिकेनं उपविधींचा मसुदा काढला. ५० चौरस मीटरपर्यंतच्या घराला दरमहा १०० रुपये, त्याहून मोठ्या, ३०० चौरस मीटरपर्यंतच्या घराला ५०० रुपये असं शुल्क त्यात सुचवलं होतं. घराच्या आकारानुसार दर, ही गोष्ट मला पुण्याच्या पद्धतीपेक्षा बरी वाटली. पण हे पैसे महापालिकेच्या तिजोरीत जाणार, दारात येणाऱ्याच्या हातात नव्हे. हरकती मागवल्या गेल्या, त्या भरपूर आल्या, आणि मालमत्ता करात सफाईचा भाग असताना वेगळं शुल्क कसं, हाच प्रश्न पुन्हा निघाला. शेवटी मसुदा कायदेशीर सल्ल्यासाठी बाजूला ठेवला गेला.